विटेची खपली

सकाळी कामावर निघताना दार उघडलं, तर पायरीवर विटेची एक खपली पडलेली होती. फेब्रुवारीचे दिवस, आदल्या रात्री सगळं गोठलेलं, आणि आता ऊन आल्याबरोबर पन्हाळीतून थेंब थेंब पाणी गळायला लागलेलं. खपली तळहाताएवढी, जाडीला खारी बिस्किटाइतकी. एक बाजू काळपट, सव्वाशे वर्षांचा धूर आणि पाऊस प्यायलेली. दुसरी बाजू नुकत्या सोललेल्या गाजरासारखी लाल-केशरी. दाराशेजारच्या भिंतीकडे पाहिलं, तर कमरेच्या उंचीवरच्या एका विटेचा अख्खा चेहरा निघून आला होता आणि आतून बारीक लाल पीठ झरत होतं. तिच्या चारी बाजूंचं सिमेंट मात्र करड्या चौकटीसारखं जसंच्या तसं उभं होतं. उशीर होत होता, तरी मी परत घरात गेले, खपली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, आणि ठेवता ठेवता काय मनात आलं कोण जाणे, तिच्यावर तोंडाची वाफ सोडली. वास आला. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तापल्या भिंतीवर पाणी मारल्यावर यायचा तो. वाईचा.

दिवसभर तो वास नाकातून गेला नाही.

ते सिमेंट मीच भरून घेतलं होतं. पाच वर्षांपूर्वी पुढच्या भिंतीच्या दरजा ठिकठिकाणी पोकळ झाल्या होत्या. किल्लीचं टोक घातलं तर आतला चुना वाळूसारखा भुरभुर गळायचा. ते पाहून मी धसका घेतला. आमचं लंडनमधलं घर १८९० च्या दशकातलं, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं. एवढ्या जुन्या घराचे सांधे असे सुटायला लागले तर उद्या काय, या भीतीने मी कामगारांना म्हणाले, पक्कं करा, पुन्हा बघायला लागू नये असं. त्यांनी पक्कं केलं. दोन दिवसांत सगळ्या दरजा खरवडून सिमेंट भरलं. भिंत आखीव वहीच्या पानासारखी स्वच्छ दिसायला लागली, आणि संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून मी ती कितीतरी वेळ बघत राहिले. आपण या घराचं भलं केलं असं मला अगदी मनापासून वाटलं होतं. आता टोचतं ते हेच.

खपली पडल्यावर चौकशी करून एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्याने आधी काही न बोलता भिंतीवरून हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. मग सिमेंटवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि मला समजावून सांगायला लागला. जुनी वीट मऊ असते, पाणी पिते. प्यायलेलं पाणी बाहेर पडायला तिला वाट लागते, आणि ती वाट म्हणजे दोन विटांमधला चुना. चुना विटेहून मऊ, म्हणून ऊन-पाऊस आधी त्याला खातो, आणि दोन-तीन पिढ्यांनी कुणीतरी तो पुन्हा भरायचा असतो. सिमेंट विटेपेक्षा कठीण. त्याने वाट बुजवली की पाणी विटेच्याच तोंडातून बाहेर यायला बघतं, थंडीच्या रात्री तिथेच गोठतं, गोठताना फुगतं, आणि तोंड फोडून निघतं. "झिजायचं काम चुन्याचं," तो म्हणाला, "तुम्ही ते विटेवर टाकलंत." त्याच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर अजिबात नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. काम थंडी सरल्यावरच होईल, गोठणाऱ्या हवेत चुना धरत नाही, असं सांगून तो निघाला आणि फाटकाशी थांबला. "ॲबी वुडला इतकी वर्षं राहता आणि रेड हाउस पाहिलं नाही? बसने थोडं तर अंतर. जाऊन या."

ॲबी वुड हे आमचं स्टेशन. लंडनच्या आग्नेय टोकाचं. २०२२ साली नवीन एलिझाबेथ लाइन सुरू झाली, ती इथेच येऊन संपते, त्यामुळे आता ते काचेचं आणि लाकडी छताचं एक प्रशस्त प्रकरण झालं आहे. मला माहीत नव्हतं की १८६० च्या उन्हाळ्यापासून शनिवारी दुपारी विल्यम मॉरिसचे मित्र त्याच्या रेड हाउस या घरी जायला याच स्टेशनवर उतरायचे. मॉरिस म्हणजे ज्याच्या वेलबुट्टीचे वॉलपेपर आणि पडदे आपण कुठे ना कुठे पाहिलेले असतात तोच. तेव्हा तो पंचविशीतला, नुकतं लग्न झालेला, वडिलांच्या मागे बरा पैसा असलेला तरुण होता. घोडागाडी स्टेशनवर पाहुण्यांना न्यायला यायची. तिच्यावरची कनातही मुद्दाम बनवून घेतलेली, नक्षीदार, इतकी की गावातल्या लोकांना ही फिरत्या खेळवाल्यांची गाडी वाटायची. चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सची बायको जॉर्जियाना हिने म्हातारपणी लिहून ठेवलं आहे की गाडीतून उतरल्याबरोबर फलाटावर पातळ, ताजी, गोड वासांनी भरलेली हवा अंगावर यायची. तो फलाट मी रोज तुडवते. आता तिथे कॉफीचा आणि ब्रेकच्या जळक्या रबराचा वास असतो. पण तिचं ते वाक्य वाचल्यापासून गाडीतून उतरताना मी एकदा खोल श्वास घेऊन बघतेच.

एप्रिलमधल्या एका शनिवारी गेले. रेड हाउस आहे तो बेक्सलीहीथचा भाग आता दोन-दोन जोडघरांचं साधं उपनगर आहे, अंगणात गाड्या, खिडक्यांना जाळीचे पडदे. त्यात एक उंच विटांची भिंत सुरू होते, आणि भिंतीच्या फाटकातून आत वळलं की ते दिसतं. पहिल्यांदा मला छप्परच दिसलं. लाल कौलांचं, उभ्या उताराचं, एका ठिकाणाहून दुसरीकडे उतरत, वळत, पुन्हा चढत गेलेलं, मध्येच उंच चिमण्या, आणि वर वातकुक्कुटाच्या जागी एक पत्रा, ज्यावर मॉरिसच्या नावाची अक्षरं आणि १८५९ हे साल. त्याखाली भिंती. नुसती वीट. गिलावा नाही, रंग नाही, काही झाकलेलं नाही. आज यात विशेष वाटत नाही, पण त्या काळच्या खात्यापित्या माणसांच्या बंगल्यांना पांढऱ्या गिलाव्याने दगडाचं सोंग देण्याची रीत होती. विटेवरचा कर तर १८५० साली, म्हणजे जेमतेम नऊ वर्षांपूर्वी उठलेला. त्याआधी पासष्टेक वर्षं हरेक विटेमागे सरकारला पैसे मोजावे लागत. मॉरिस आणि त्याचा मित्र, वास्तुकार फिलिप वेब, यांनी वीट आहे तशी लोकांसमोर उभी केली आणि घराला नावही तेच दिलं. लाल घर. मला ते नाव फार आवडतं. आपल्याकडे आजी म्हणायची ना, पिवळी साडी आण, निळा डबा आण. त्यात कौतुकाचा शब्द नसतो, पण ती वस्तू कुठे ठेवली आहे हे हाताला पाठ असतं.

वेब तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. स्वतःच्या जबाबदारीवर बांधलेलं त्याचं हे पहिलंच घर. दोघांची ओळख ऑक्सफर्डला, स्ट्रीट नावाच्या वास्तुकाराच्या कचेरीत झालेली. १८५८ साली फ्रान्समध्ये सेन नदीतून होडीने फिरत असताना घराच्या गप्पा सुरू झाल्या, आणि पहिली रेखाटनं म्हणे प्रवासाच्या पुस्तकातल्या नकाशाच्या पाठीवर काढली गेली. घर पाहताना ती होडी सारखी मनात येत राहते, कारण इथे कुठेही माप काढून दोन्हीकडे सारखं ठेवायचा हट्ट नाही. पाहुण्यांना दिसणारी बाजू म्हणून खिडक्यांच्या रांगा लावलेल्या नाहीत. ज्या खोलीला जेवढा उजेड लागेल तेवढी खिडकी, जिथे लागेल तिथे. कुठे उंच अरुंद, कुठे तीन एकत्र, वरच्या मजल्यावरच्या बोळाला तर ताटाएवढ्या गोल. नोकरांनी ज्या स्वयंपाकघरात दिवस काढायचा तिथेही भरपूर उजेड येतो, आणि त्या काळच्या घरांत ही साधी गोष्ट नव्हती. खाली वर-खाली सरकणाऱ्या तावदानांची खिडकी आणि तिच्यावर देवळासारखी टोकदार विटांची कमान. वाचताना हे विजोड वाटेल. प्रत्यक्षात मी त्या एका खिडकीसमोर किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. कमानीने वरच्या भिंतीचं ओझं दोन्ही खांद्यांवर वाटून दिलं आहे, आणि तिच्या पोटात खिडकी निवांत बसली आहे. आणि तिथे मी, सवयीने आता, वाकून दरजा पाहिल्या.

घर इंग्रजी एल अक्षरासारखं वळतं आणि त्या वळणाच्या कुशीत विहीर आहे. विहिरीवर जाड लाकडी खांब, आणि खांबांवर शंकूसारखं टोकदार कौलारू छप्पर, घरापेक्षा वेगळं नको म्हणून त्याच लाल कौलांचं. घर एका फळबागेत बांधलं. झाडं होता होईल तेवढी कमी तोडायची असं ठरवून भिंती त्यांच्या इतक्या जवळ नेल्या की शरद ऋतूतल्या उकाड्याच्या रात्री उघड्या खिडक्यांतून सफरचंदं थेट खोलीत पडायची. ही गोष्ट सांगणाऱ्या स्वयंसेवक बाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या आणि त्यांनी हे शेकडो वेळा सांगितलं असेल, तरी सफरचंद पडतानाचा हात करताना त्या हसल्या.

आत दाट सावली होती. तांबड्या फरश्यांचा दिवाणखाना, समोर ओकचा जिना, जिन्याच्या खांबांची टोकं मनोऱ्यांसारखी निमुळती. आपण जिना चढताना वर पाहत नाही. बाई म्हणाल्या, वर पाहा. छताच्या गिलाव्यावर निळ्या-हिरव्या रंगात नक्षी होती, आणि नीट पाहिल्यावर तिच्या रेषांवर बारीक बारीक टोचे दिसायला लागले. गिलावा ओला असताना नक्षी टोचून ठेवली, म्हणजे पुढे कधी रंग उडाला तरी टोच्यांवरून कुणालाही पुन्हा भरता यावी. मला एकदम आमच्या वाड्यातला ठिपक्यांचा कागद आठवला. उदबत्तीने भोकं पाडलेला, वापरून वापरून तेलकट झालेला, जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, उचलला की खाली ठिपके तयार. तो कागद आजीने कुणासाठी ठेवला होता? जिला ठिपके मोजता येत नाहीत तिच्यासाठी. माझ्यासाठी. पंचविशीतल्या त्या श्रीमंत मुलाने आपण गेल्यानंतरच्या हातांचा विचार करून छत टोचून घेतलं होतं, हे मला कळलं आणि घशाशी काहीतरी आलं.

वरच्या बैठकीच्या खोलीत विटांची शेकोटी आहे. तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिलेलं, कला दीर्घ आणि आयुष्य अल्प. भिंतीवर बर्न-जोन्सने लग्नाच्या मेजवानीची चित्रं काढली आहेत, त्यात राजा-राणीचे चेहरे मॉरिस आणि त्याची बायको जेन यांचे. हे घर सजवायला बाजारात मनासारखं काही मिळेना म्हणून मित्रांनी सगळं हातांनी केलं, भिंती रंगवल्या, खुर्च्या केल्या, जेन आणि बायकांनी पडदे भरले, आणि त्यातून १८६१ साली त्यांची कंपनीच उभी राहिली. बागेतल्या गुलाबांच्या ताट्यांवरून मॉरिसने १८६२ साली आपला पहिला वॉलपेपर आखला. त्याला पक्षी काही जमेनात, ते वेबने काढून दिले. मला हे फार गोड वाटतं. घर बांधणाऱ्यानेच ताटीवर पाखरंही बसवली. मी शेकोटीच्या विटांना हात लावायचा नसतो हे विसरून हात पुढे केला आणि मागे घेतला. खोली गार होती. मुख्य खोल्यांची तोंडं उत्तरेकडे आहेत. आपल्याकडे उत्तरेचा उजेड म्हणजे सुख, आपले वाडे उन्हाला पाठ करून बसतात. या देशात उन्हाला पाठ केली की हिवाळाभर हाडं दुखतात. इथल्या माणसांनी इतका विचार करून बांधलेल्या घरात हा विचार कसा सुटला, कळत नाही.

आणि ही सगळी मजा फक्त पाच वर्षांची.

मॉरिसचं काम लंडनला, रोजचं जाणं-येणं काही तासांचं. बापाच्या तांब्याच्या खाणीच्या शेअरमधून येणारा पैसा आटायला लागला. १८६४ साली ठरलं होतं की घराला आणखी एक बाजू जोडायची आणि बर्न-जोन्सचं कुटुंब तिथे राहायला आणायचं, विहिरीभोवती घर चारी बाजूंनी पुरं व्हायचं. वेबने नकाशेही काढले. त्याच वर्षी बर्न-जोन्सच्या घरात तापाची साथ शिरली, जॉर्जियाना मरणाच्या दारातून परत आली, तिचं नुकतं जन्मलेलं बाळ गेलं. इकडे मॉरिस संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळला. येणार नाही असं मित्राचं पत्र आलं. एल अक्षर एलच राहिलं. १८६५ मध्ये मॉरिस बायको आणि दोन लहान मुलींना घेऊन लंडनला गेला, मुली दोघी याच घरात जन्मलेल्या. पुढच्या वर्षी घर विकलं. "आणि त्यानंतर," बाई म्हणाल्या, "तो इथे कधी आला नाही. एकदाही नाही. बघवणार नाही म्हणायचा."

मला राग आला. खरंच, उभ्या उभ्या राग आला. पुढे तीस वर्षं जगला हा माणूस, १८९६ पर्यंत. लंडनमध्येच होता. शनिवारी दुपारी ॲबी वुडची गाडी काही बंद पडली नव्हती. ज्याने छत टोचून ठेवलं त्याने ते टोचे कुणी भरले का हे बघायला एकदाही येऊ नये? मी बाहेर आले आणि विहिरीपाशी उभी राहिले. पर्समध्ये फोन होता, फोनमध्ये दादाने पाठवलेला एक फोटो होता. सात वर्षं तो तसाच आहे. उघडलेला नाही.

आमचा वाडा वाईत, गणपती आळीच्या मागच्या अंगाला. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर विटा आणि चुना, आत कडीपाट, मधे चौक, आणि मागे परसात आड. रहाटाचा आवाज अजून कानात आहे, वर येताना करकर आणि सोडताना गडगड. चैत्र-वैशाखात परसाकडची भिंत दिवसभर तापायची. आजी पाचच्या सुमाराला आडाचं पाणी काढून तांब्याने त्या भिंतीवर मारायची, मग अंगणात सडा घालायची. पाणी भिंतीत क्षणात गडप व्हायचं, आणि वास उठायचा. मी भिंतीला गाल लावून उभी राहायची. आजी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी काकांनी भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. त्यांचे शब्द मला आठवतात, कारण पाच वर्षांपूर्वी तेच शब्द माझ्या तोंडून निघाले. एकदाचं पक्कं करून टाकू, पुन्हा बघायला नको. गिलावा झाल्यावर वाडा शाळेत जाणाऱ्या मुलासारखा नीटनेटका दिसायला लागला. दोन पावसाळ्यांत आतल्या बाजूने ओल चढली. पोपडे धरले, पडले, पुन्हा धरले. देवघराची भिंत हाताला ओली लागायची. मग भिंतीत बसलेली तुळयांची टोकं कुजली. वाडा जुना झाला, आता राहण्यासारखा उरला नाही, असं सगळे म्हणायला लागले. आम्हीही. वाड्याच्या अंगात पाणी कोंडलं आहे, असं कुणालाच सुचलं नाही. काकांना मी कधी दोष दिला नाही, आणि आता तर तोंडच राहिलं नाही. त्यांनीही प्रेमानेच केलं होतं.

वाडा विकला गेला. पाडला तेव्हा दादा गेला होता, मी नाही. इमारत उभी राहिल्यावर त्याने फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. त्यानंतर मी चार वेळा भारतात गेले. पुण्याला राहिले, साताऱ्याला मामेबहिणीकडे गेले. सुरूर फाट्याला डावी-उजवी न बघता गाडी सरळ पुढे जाऊ दिली. एकदा ड्रायव्हरने विचारलं, वाईला नाही का जायचं ताई, ढोल्या गणपतीला? मी म्हणाले, वेळ नाही. वेळ होता.

विहिरीपाशी उभं राहून मॉरिसवर रागावण्याचा मला काय अधिकार होता!

पुन्हा आत गेले, कारण वरची एक खोली राहिली होती. मॉरिस आणि जेनची निजायची खोली. मॉरिसनंतर या घरात बरीच माणसं येऊन गेली, युद्धकाळात तर सरकारी कचेरीही होती. १९५२ साली एडवर्ड आणि डोरिस हॉलंबी या जोडप्याने आपल्या मित्र-जोडप्याबरोबर ते घेतलं. एडवर्ड हॉलंबी लंडन कौन्सिलचा वास्तुकार. १९९९ मध्ये तो वारला तोपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षं, तो या घरात राहिला. रंग खरवडले, भिंती सुकवल्या, दार वाजवून येणाऱ्या अनोळखी लोकांना घर दाखवलं. बांधणाऱ्याची पाच वर्षं आणि याची सत्तेचाळीस. घर मॉरिसचं म्हणून ओळखलं जातं, ते ठीकच आहे, पण मला जिना उतरताना हॉलंबीच आठवत होता. २००३ पासून घर नॅशनल ट्रस्टकडे, जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे, आहे. दर्जा पहिल्या श्रेणीचा. इंग्लंडमध्ये जपायच्या म्हणून नोंदलेल्या इमारती सुमारे चार लाख, त्यातल्या जेमतेम अडीच टक्के या श्रेणीतल्या. परवानगीशिवाय त्यात फेरफार करणं हा गुन्हा आहे. आमच्या रांगेतल्या घरांना असलं काही कवच नाही. मुंबईत १९९५ साली हेरिटेजची नियमावली आली. वाईच्या आळीतल्या आमच्या वाड्यापर्यंत कुठली यादी येणार होती? पण यादी नव्हती म्हणून वाडा गेला असं म्हणून मला सुटका करून घेता येत नाही. भिंतीला काय लागतं हे आम्ही तिला विचारलं नाही.

तर ती खोली. तिथल्या भिंतीसमोर वर्षानुवर्षं एक भलं मोठं कपाट होतं. मागे काहीतरी चित्र असावं, अंधूक दोन आकृत्या, एवढंच ठाऊक होतं. कपाट हटवून वरचे रंगाचे थर आणि कागद महिनोन्महिने हलक्या हाताने काढल्यावर २०१३ साली अख्खी भिंत बोलायला लागली. पडदा टांगला आहे असं भासावं म्हणून वरती घड्यासुद्धा रंगवलेल्या, आणि त्यावर ओळीने माणसं. हातात छोटी नौका धरलेला नोहा, राहेल, शिडीपाशी याकोब, आणि आदम-हव्वा, सापासकट. वेगवेगळ्या मित्रांच्या हातची, चित्रकार रोसेटी, त्याची बायको एलिझाबेथ सिडल, मॉरिस स्वतः. रंग विटून गेलेत, ताकासारखे. मी साप शोधला. आजी दर नागपंचमीला देवघराच्या भिंतीवर गेरूने नागोबा काढायची, फणा वर केलेला, शेजारी पिल्लं. दिवाळीला सफेदी व्हायची आणि नागोबा आत जायचा. पुढच्या श्रावणात त्याच जागी नवा. चाळीस-पन्नास वर्षं. म्हणजे त्या भिंतीत चुन्याच्या एकेका थराखाली एकेक नाग होता, आणि मला हे आजवर, एवढी वर्षं, सुचलं नव्हतं. भिंत पाडली तेव्हा ते सगळे एकदम उघडे पडले असतील. कुणी पाहिले असतील? मजुरांपैकी एखाद्याने पाहिले असले तर बरं, असं वाटलं. पाहिल्यावर क्षणभर थांबला असेल तर आणखी बरं.

परतताना बाईंनी दाराशी एक गोष्ट सांगितली. १८७७ साली मॉरिस आणि वेब यांनी मिळून जुन्या इमारती वाचवण्यासाठी एक संस्था काढली, ती आजही आहे. जुन्याला खरवडून नवं करू नका, रोजच्या देखभालीने पडझड थोपवा, हे तिचं म्हणणं. चुन्याच्या भिंतीला चुनाच भरा, हे आज सगळीकडे शिकवलं जातं ते याच लोकांमुळे. म्हणजे आपलं घर ज्याला बघवेना, तो शेवटची जवळपास वीस वर्षं लोकांच्या चर्चच्या आणि कोठारांच्या भिंतींसाठी पत्रं लिहीत, भांडत होता. माझा राग तोवर निवलाच होता.

मे महिन्यात गवंडी आला. यंत्र नाही, छोटी छिन्नी आणि हातोडी. सिमेंट काढताना विटेची कड दुखावू नये म्हणून मधोमध घाव घालून मग दोन्हीकडे हलक्याने सोडवत होता. दिवसाला फार तर दोन हात भिंत व्हायची. मी खिडकीतून खपली आणली आणि विचारलं, ही परत बसवता येईल का. तो म्हणाला, नाही, सुटली ती सुटली. पण वीट टाकायची नाही. त्याने ती वीट चारी बाजूंनी मोकळी केली, बाहेर ओढली, आणि मला हातात दिली. जड होती, आणि उबदार. मागची बाजू कोरी, कडा धारदार, सव्वाशे वर्षं भिंतीच्या आत अंधारात राहिलेली. एका कोपऱ्यात कच्च्या विटेला कुणाचा तरी अंगठा लागलेला होता, चंद्रकोरीसारखा. "आता ही बाजू पुढे," असं म्हणून त्याने वीट पाण्यात बुडवली, बुडबुडे थांबेपर्यंत धरून ठेवली, आणि फिरवून जागी बसवली. मग भिंतीवर पाणी मारलं. मी पायरीवर बसले होते. वास आला.

चुना भरून झाल्यावर त्याने भिंतीवर गोणपाटं टांगली. चुना उन्हाने एकदम वाळता कामा नये, हवेतून श्वास घेत हळूहळू दगड होतो, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा, असं बजावून तो गेला. पहिल्या संध्याकाळी झारी भरता भरता मी ओट्यावर फोन ठेवला आणि दादाचा फोटो उघडला. चार मजली इमारत, पिस्ता रंगाची. बाल्कनीत वाळत घातलेली धुणी, एक लाल टॉवेल, मुलाची तिचाकी सायकल. खालच्या बाजूला दुचाक्या. आणि डाव्या कोपऱ्यात, फोटोत येऊ नये म्हणून कापायचा राहून गेलेला, दगडी गोल कट्टा. वर लोखंडी जाळी. जाळीवर डालडाच्या डब्यात तुळस.

दादाला फोन लावला. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, तो झोपेतून उठला. "काय गं, बरी आहेस ना?"

"आड ठेवलाय त्यांनी?"

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. "ठेवलाय की. बुजवणार होते, तळमजल्यावरच्या आजी अडून बसल्या. मी तुला फोटोच पाठवला होता."

"पाणी आहे?"

"आहे म्हणतात उन्हाळ्यातसुद्धा. मोटर लावलीय. तू दिवाळीत येतेस का? जाऊ दोघं."

हो म्हणाले. झारी भरून वाहायला लागली होती. बाहेर ऊन अजून भिंतीवर होतं आणि गोणपाटं वरच्या बाजूने वाळायला लागली होती.